गायन मंडळ आणि धम्म

वर्धा नदीच्या काठचे कौंडण्यपूर रुक्मिणीचे माहेर म्हणून प्रसिद्ध आहे. आषाढीला तेथून पंढरपूरला पालखी जाते. दिंडीत टाळ-मृदंग व अभंग असतात. वऱ्हाडी खेड्यात माणसे जमण्याचे मोठे ठिकाण भजनी मंडळच होते. अक्षर न येणाऱ्यालाही अभंग तोंडपाठ असे. परंतु ज्या चोखोबाचा अभंग गायचा, त्याच्या जातीला देवळाचे दार बंद! गळा चालत होता, पाऊल चालत नव्हते. 13 नोव्हेंबर 1927 रोजी अमरावतीस बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली, तेव्हा अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाचा प्रश्न पेटलेला होता.

जलशांनी दुसरी वाट धरली. सत्यशोधकांनी तमाशाचा साचा घेतला, त्यातील देवस्तुती व शृंगार टाकला. नाशिककडे भीमराव कर्डक यांनी आंबेडकरी जलसा उभा केला. ढोलकी तीच, तुणतुणे तेच. सांगणे मात्र नवे : मेलेली जनावरे ओढू नका, मुलांना शाळेत घाला. 1956 च्या दीक्षेनंतर वामनदादा कर्डक (1922–2004) यांच्यासारख्या गायकांनी धम्म घराघरांत नेला. जे पुस्तक वाचता येत नव्हते, ते कानाने वाचले गेले.

मग गायन धम्माला मान्य आहे काय? दीघ निकायातील सक्कपञ्ह सुत्तात पंचशिखाची वीणा व गळा यांचा मेळ भगवंतांनी वाखाणला आहे. थेरीगाथा तर भिक्खुणींचे काव्यच होय. परंतु अंगुत्तर निकायात धम्म लांबलचक आळवून म्हणण्याचे पाच दोष सांगितले आहेत : म्हणणारा स्वतःच्या आवाजावर लुब्ध होतो, ऐकणारेही आवाजावरच लुब्ध होतात, गृहस्थ नावे ठेवतात, चित्ताची एकाग्रता भंगते, आणि पुढची पिढी तेच गिरवते.

हा इशारा भिक्खूंना असला, तरी आपल्या गायन मंडळांनाही लागू पडतो. भोंग्याचा आवाज वाढला, आणि बोध कमी झाला, तर जयंतीच्या रात्री गर्दी जमेल. पण सकाळी माणूस होता तेथेच राहील. देवाच्या जागी महापुरुषाचे नाव घालून जुनीच आरती म्हणणे हे धर्मांतर नव्हे.

म्हणून प्रत्येक मंडळाने गीत निवडताना तीन प्रश्न विचारावेत :

1. या गीतातून ऐकणाऱ्याला कोणती नवी गोष्ट कळते?
2. ते पंचशीलाशी जुळते काय?
3. ते ऐकून कोणी एखादी वाईट चाल सोडील काय?

तिन्हींची उत्तरे मिळाली, की मग खुशाल ढोलकीवर थाप मारावी.