संख्याशास्त्राची एम. एस्सी. : अर्ज हंगामाआधीच करावा



या पानावर आपण नेहमी लागण, खोडवा, खत आणि पाणी यांविषयी वाचता. या वेळी विषय थोडा निराळा आहे. आपल्यापैकी पुष्कळांची मुले-मुली आज वर्ध्याला, हिंगणघाटला किंवा नागपूरला बी. एस्सी. करीत आहेत. त्यांपैकी ज्यांचा गणित किंवा संख्याशास्त्र हा विषय आहे, त्यांना पुढे संख्याशास्त्राची एम. एस्सी. करता येते. तिचा अर्ज केव्हा, कोठे व कसा करावा, एवढाच या लेखाचा विषय आहे.

ऊस विकास अधिकाऱ्याने यात का पडावे, असे कोणी विचारील. त्याचे कारण सांगतो. मागे दसऱ्याच्या सुमारास आपले एक सभासद गट कार्यालयात आले. मुलगी बी. एस्सी. च्या शेवटच्या वर्षाला होती. ते म्हणाले, "साहेब, पोरीले पुढं आकडेशास्त्रच शिकाचं हाय म्हनते. फारम कवा निंगते, जरा पाहून सांगा ना जी." माझ्यासमोर तोडणी कार्यक्रमाच्या याद्या पडल्या होत्या. मी म्हणालो, "भाऊ, हंगाम एकदा सुरू होऊ द्या, मग निवांत बघू." निवांत बघायला फेब्रुवारी उजाडला. तेव्हा कळले की तिला जी परीक्षा द्यावयाची होती तिचे अर्ज ऑक्टोबरातच बंद झाले होते. वडील मला एका शब्दाने बोलले नाहीत. पण चूक माझी होती, आणि ती दुसऱ्या कोणाच्या घरी होऊ नये म्हणून हे लिहीत आहे.

हे शास्त्र आपल्या कामाचे आहे काय?

आहे. उसाची पक्वता पाहताना आपण प्लॉटमधून थोडे ऊस घेतो आणि त्यांच्या ब्रिक्सवरून साऱ्या प्लॉटचा अंदाज बांधतो. हे ऊस धुऱ्यावरून घ्यावेत की वावराच्या मधून, किती घ्यावेत, अंदाज किती चुकू शकतो, याचे उत्तर संख्याशास्त्र देते. धुऱ्यावरच्या उसाला ऊन-वारा जास्त मिळतो. नुसत्या धुऱ्यावरचे वजन धरून एकरी टनेज काढले तर ते फुगते, हे आपल्याला ठाऊकच आहे. सोयाबीनचा विमा ज्या पीक कापणी प्रयोगावर ठरतो, त्याचा पायाही हेच शास्त्र आहे.

या पीक कापणीच्या कामात एक मराठी माणूस जगात नावाजला. डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा जन्म १९११ साली सातारा जिल्ह्यातील बुध या गावी झाला. लंडनहून १९३६ साली डॉक्टरेट घेऊन ते परतले आणि भारतीय कृषी अनुसंधान परिषदेत कामाला लागले. कापणीसाठी आखलेला तुकडा फार लहान असेल तर हद्दीवरची झाडे आत धरली जातात आणि उत्पन्न असेल त्याहून जास्त दिसते, असे त्यांचे म्हणणे होते. या मुद्द्यावर प्रा. महालनोबिस यांच्याशी त्यांचा मतभेद झाला. पुढे ते संयुक्त राष्ट्रसंघाच्या अन्न व शेती संघटनेत गेले. डॉ. वि. गो. पानसे यांच्यासह त्यांनी शेतीत काम करणाऱ्यांसाठी लिहिलेला संख्याशास्त्राचा ग्रंथ १९५४ साली निघाला, आणि कृषी शिक्षणात तो पिढ्यान्पिढ्या वापरला गेला. खेड्यात जन्मलेल्या माणसाने वावरातल्या मोजणीवर नाव कमावले, हे आपल्या मुलांना सांगण्यासारखे आहे.

शिक्षण कोठे मिळते?

१) विद्यापीठे : आपल्याला सर्वांत जवळचा म्हणजे नागपूर विद्यापीठाचा पदव्युत्तर संख्याशास्त्र विभाग. घरून जाणे-येणे किंवा कमी खर्चात राहणे इथे जमते. पुणे विद्यापीठाचा विभाग १९५३ साली सुरू झाला. त्याची घडी कोल्हापूरचे डॉ. व. शं. हुजूरबाजार यांनी बसविली.

२) आय. आय. टी. : कानपूर, मुंबई यांसारख्या ठिकाणी प्रवेश 'जॅम' या परीक्षेतून होतो. त्यात 'मॅथेमॅटिकल स्टॅटिस्टिक्स' हा पेपर घ्यावा.

३) भारतीय सांख्यिकी संस्था, कोलकाता : प्रा. महालनोबिस यांनी १९३१ साली स्थापन केली. १९५९ च्या कायद्याने तिला राष्ट्रीय महत्त्वाचा दर्जा मिळाला. तेथील पदवीला 'एम. स्टॅट.' म्हणतात. लेखी परीक्षा कठीण असते व नंतर मुलाखत होते.

४) केंद्रीय विद्यापीठे : दिल्ली, बनारस, हैदराबाद वगैरे. यांच्यासाठी २०२२ साली सुरू झालेली 'सीयूईटी-पीजी' ही सामाईक परीक्षा आहे.

५) कृषी संख्याशास्त्र : दिल्लीची भारतीय कृषी सांख्यिकी अनुसंधान संस्था या विषयाचे मोठे केंद्र आहे. बी. एस्सी. ॲग्री. झालेल्या मुलांनी हा मार्ग अवश्य पाहावा. साध्या संख्याशास्त्राच्या एम. एस्सी. ला त्यांची पदवी पुष्कळदा चालत नाही.

अर्जाचे वेळापत्रक

तारखा दरवर्षी थोड्या पुढेमागे होतात, म्हणून त्या वर्षीचे पत्रक संकेतस्थळावर पाहावेच. पण साधारण क्रम असा असतो :

सप्टेंबर-ऑक्टोबर : 'जॅम' चे अर्ज. परीक्षा फेब्रुवारीत.
डिसेंबर-जानेवारी : 'सीयूईटी-पीजी' चे अर्ज. परीक्षा मार्चच्या सुमारास.
मार्चच्या आसपास : सांख्यिकी संस्थेचे अर्ज. परीक्षा मे महिन्यात.
मे ते जुलै : राज्यातील विद्यापीठांचे अर्ज.

पहिला अर्ज नेमका बॉयलर पेटण्याच्या दिवसांत येतो, हे ध्यानात घ्या. त्या वेळी आपण तोडणीच्या पाळीत गुंतलेले असतो आणि निकाल लागल्यावर बघू असे म्हणतो. पण निकालाची वाट पाहू नये. शेवटच्या वर्षाला असलेल्या विद्यार्थ्याला या परीक्षांचा अर्ज करता येतो. ऊस तोडणीला आल्यावर नोंद करून जसे चालत नाही, तसेच हे आहे.

अर्जापूर्वी पाहावयाच्या गोष्टी

पात्रता : परीक्षेला बसू दिले म्हणजे प्रवेश मिळालाच असे नव्हे. बी. एस्सी. ला गणित किंवा संख्याशास्त्र किती वर्षे होते, टक्केवारी किती, हे प्रत्येक संस्था वेगळे पाहते. अर्जाचे शुल्क भरण्याआधी पात्रतेचा परिच्छेद मुलाने व आपण दोघांनी बसून वाचावा.

दाखले : जात प्रमाणपत्र व नॉन-क्रिमीलेयर दाखला राज्याच्या नमुन्यात असतो. केंद्राच्या संस्थांना केंद्राच्या नमुन्यातलाच लागतो व तो कोणत्या तारखेनंतरचा हवा हेही पत्रकात दिलेले असते. पुष्कळ मुले इथेच अडतात. तहसिलीतून दाखला मिळायला दिवस लागतात. पोळा झाला की त्या कामाला लागावे. दहावीची सनद, आधार आणि दाखला यांवर नाव एकसारखे आहे ना, तेही पाहावे. विद्यापीठ बदलत असेल तर पुढे मायग्रेशन सर्टिफिकेट लागेल.

अभ्यास : 'जॅम' चा पेपर तीन तासांचा, १०० गुणांचा व ६० प्रश्नांचा असतो. गणितात कलन व मॅट्रिक्स, संख्याशास्त्रात संभाव्यता, वितरणे, अनुमान व परिकल्पनांची चाचणी हे मुख्य भाग होत. एकच पर्याय बरोबर असलेल्या प्रश्नांत उत्तर चुकले तर एक तृतीयांश गुण कापले जातात, म्हणून अंदाजाने खुणा करू नयेत. मागील वर्षांचे पेपर संकेतस्थळावर फुकट मिळतात. ते घड्याळ लावून सोडवावेत.

मुलाखत : जिथे मुलाखत असते तिथे पाठांतर चालत नाही. मुलांनी घरातल्याच आकड्यांवर विचार करून ठेवावा. आपल्या घरी दरवर्षीच्या वजनपावत्या असतात. लागणीचे व खोडव्याचे एकरी टनेज मांडून, फरक खरा की योगायोगाचा, हे ज्याला सांगता येईल त्याला विषय कळला असे समजावे.

पुढे काय?

"आकडे शिकून पोट भरते का?" असे विचारले जाते. केंद्र सरकारची भारतीय सांख्यिकी सेवा १९६१ पासून आहे व तिची भरती लोकसेवा आयोग करतो. राज्यात अर्थ व सांख्यिकी संचालनालय आहे. बँका, विमा कंपन्या, औषध कंपन्या आणि कृषी संशोधन केंद्रे यांनाही ही माणसे लागतात. मात्र पदवी हातात आली म्हणजे नोकरी चालत येईल असे मी म्हणणार नाही. संगणकाचे काम सोबत शिकलेच पाहिजे.

सुरुवातीला ज्या मुलीचे सांगितले, तिने ते वर्ष घरी काढले नाही. सीयूईटीचे अर्जही तोवर संपले होते, म्हणून तिने जूनमध्ये नागपूरला अर्ज केला व प्रवेश घेतला. तिचे ठीक चालले आहे. परंतु तिला जिथे जायचे होते त्या दाराशी ती उभीसुद्धा राहू शकली नाही, आणि ते दार तिच्या गुणांमुळे बंद झाले नव्हते.

तेव्हा ज्यांचा मुलगा किंवा मुलगी शेवटच्या वर्षाला आहे, अशा सभासदांनी ऊसनोंदीला येताना मुलांना सोबत आणावे. पत्रक काढून देणे, दाखल्यांची यादी करणे, अर्ज तपासणे एवढे काम शेतकी विभागात मी स्वतः करून देईन. हंगाम सुरू होऊ द्या, असे यापुढे मी कोणाला म्हणणार नाही.

— ऊस विकास अधिकारी