मुक्या जीवांची अमानत : पाळीव कुत्र्यामांजरांची नसबंदी आणि इस्लामी शिकवण

दिव्य कुरआनच्या ‘अल-अनआम’ या अध्यायात (आयत ३८) अल्लाहने स्पष्ट केले आहे की, पृथ्वीवर चालणारे प्राणी आणि पंखांनी उडणारे पक्षी हे माणसांप्रमाणेच समूह आहेत आणि अखेरीस तेही आपल्या पालनकर्त्याकडेच एकत्र केले जातील. या आयतीचा आशय ध्यानात ठेवून आज आपण अशा एका विषयाचा अभ्यास करू, जो घराघरांत उद्भवतो, पण ज्याविषयी मस्जिदीत विचारण्यास लोक संकोचतात.

ओतूरहून माळशेज घाटाकडे जाताना कल्याण–अहिल्यानगर महामार्गावर जुन्नर तालुक्यातील डिंगोरे हे गाव लागते. या पट्ट्यातील वस्त्या शेताशेतांत विखुरलेल्या आहेत. त्यामुळे राखणीला कुत्रा आणि धान्य सांभाळायला मांजर ही येथील घरांची गरज आहे. ती चैन नव्हे. कुत्री साधारणतः वर्षातून दोनदा माजावर येते, सुमारे त्रेसष्ट दिवस गाभण राहते आणि बहुधा चार ते सहा पिल्लांना जन्म देते. मांजरी तर चार-पाच महिन्यांची असतानाच गाभण राहू शकते आणि वर्षातून दोन-तीन वेळा विते. इतक्या पिल्लांना घर कोठून मिळणार? मग एके रात्री ती पोत्यात भरली जातात आणि महामार्गाच्या कडेला, बाजाराच्या मोकळ्या मैदानात किंवा दुसऱ्याच्या उसाच्या बांधावर सोडली जातात. त्यांत मादी पिल्लांची पाळी आधी येते.

नसबंदीचा सल्ला दिला की अनेक बंधुभगिनी विचारतात, “हे हराम तर नाही ना?” प्रश्न योग्य आहे आणि तो ईशभयातून आलेला आहे. परंतु ते पोते उचलताना हाच प्रश्न आपल्या मनात का येत नाही? या पाठाचा मूळ विषय तोच आहे.

प्रेषितांची शिकवण

बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत त्या स्त्रीची हदीस आहे, जिने मांजरीला कोंडून ठेवले. तिला स्वतः खायला दिले नाही आणि जमिनीवरचे किडेमुंग्या खाऊन जगण्यासाठी मोकळेही सोडले नाही. ती स्त्री त्या मांजरीपायी नरकाग्नीस पात्र ठरली. याच संग्रहांत तहानेने व्याकूळ झालेल्या कुत्र्यासाठी विहिरीत उतरून, आपल्या चामडी मोज्यात पाणी भरून आणणाऱ्या माणसाचीही हदीस आहे. अल्लाहने त्याच्या कृतीची कदर केली आणि त्याला क्षमा केली. जनावरांच्या बाबतीतही आम्हाला मोबदला मिळतो का, असे सहाबांनी विचारले असता, प्रत्येक सजीवाच्या सेवेत पुण्य आहे, असे प्रेषितांनी (स.) सांगितले.

मांजराविषयी हजरत अबू कतादा (र.) यांचा प्रसंग प्रसिद्ध आहे. वुजूच्या पाण्याला मांजरीने तोंड लावले, तेव्हा त्यांनी भांडे तिच्यापुढे आणखी कलते केले आणि सांगितले की, प्रेषितांनी (स.) मांजराला अपवित्र म्हटलेले नाही, ते आपल्यात वावरणाऱ्यांपैकी आहे. कुत्र्याच्या बाबतीत नियम वेगळा आहे. शिकार, गुरांची राखण आणि शेतीची राखण या कारणांखेरीज कुत्रा पाळल्यास पुण्यात दररोज घट होते, असे हदीसमध्ये आले आहे. मात्र अबू दाऊद आणि तिर्मिजी यांच्या संग्रहांत हेही नोंदले आहे की, कुत्रे हा एक समूह (उम्मत) नसता तर त्यांना मारण्याचा आदेश दिला असता, असे प्रेषितांनी (स.) म्हटले. म्हणजेच तो अल्लाहच्या निर्मितीतील एक समूह आहे. त्याचा समूळ नाश करणे आपल्या अधिकारात नाही.

धर्मशास्त्रज्ञांची मते

नसबंदीला विरोध करणारे सामान्यतः ‘अन-निसा’ अध्यायातील आयत ११९चा आधार घेतात. तेथे सैतानाची प्रतिज्ञा सांगितली आहे की, तो माणसांना गुरांचे कान फाडण्यास आणि अल्लाहच्या निर्मितीत फेरफार करण्यास प्रवृत्त करील. काही आद्य भाष्यकारांनी येथील ‘फेरफार’ म्हणजे खच्चीकरण असा अर्थ लावला. इतरांच्या मते त्याचा अर्थ अल्लाहच्या धर्मात बदल करणे असा आहे आणि इमाम तबरी यांनी याच अर्थाला पसंती दिली. घोडे व गुरे खच्ची करण्यास मनाई करणारी एक रिवायत हजरत इब्ने उमर (र.) यांच्याकडून मुसनद अहमदमध्ये आली आहे, परंतु तिच्या सनदेवर हदीसशास्त्रज्ञांनी आक्षेप घेतले आहेत. दुसऱ्या बाजूला, प्रेषितांनी (स.) दोन खच्ची मेंढ्यांची कुर्बानी दिल्याचे अबू दाऊद व इब्ने माजा यांत आले आहे. बकरी ईदला आपण खस्सी बोकड आवडीने घेतो, त्यामागे हाच आधार आहे.

हनफी मताच्या ‘दुर्रे मुख्तार’ या ग्रंथात जनावरांचे, मांजराचेही, खच्चीकरण जायज म्हटले आहे. मात्र त्यात लाभ असावा ही अट आहे आणि लाभाविना ते हराम ठरते. बादशहा औरंगजेब आलमगीर यांच्या काळात संकलित झालेल्या ‘फतावा आलमगिरी’तही मांजराच्या बाबतीत लाभ होत असेल किंवा हानी टळत असेल तर हरकत नाही, असे नमूद आहे. माणसाचे खच्चीकरण मात्र सर्वांच्या मते हराम आहे.

शाफई मत याहून कडक आहे. इमाम नववी यांनी ज्यांचे मांस खाल्ले जात नाही अशा जनावरांचे खच्चीकरण निषिद्ध म्हटले आहे. आपल्या वाचकांत कोकणातील शाफई कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत. त्यांनी आपल्या विश्वासातील आलिमांना विचारूनच निर्णय घ्यावा. ज्यांना शस्त्रक्रिया नको, त्यांनी माजाच्या काळात मादीला घरात बंदोबस्तात ठेवणे किंवा एकच जनावर पाळणे हे मार्ग अवलंबावेत. अलीकडच्या आलिमांपैकी शेख इब्ने उसैमीन यांनी म्हटले आहे की, मांजरांची संख्या त्रासदायक झाली असेल आणि शस्त्रक्रियेने त्यांना इजा होत नसेल तर हरकत नाही. जन्मल्यावर त्यांना मारण्यापेक्षा ते बरे. मतभेद शस्त्रक्रियेविषयी आहे. जन्मलेल्या पिल्लांना उपाशी मरण्यासाठी टाकून देणे योग्य आहे, असे मात्र कोणत्याही मजहबचा इमाम म्हणत नाही.

जुन्नरच्या वस्तीचा हक्क

जुन्नर तालुक्यात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. येथील उसात बिबट्या वावरतो, आणि माणिकडोहचे बिबट निवारा केंद्र त्याचीच साक्ष देते. शेजारच्या अकोले तालुक्यात डॉ. विद्या अथ्रेय व सहकाऱ्यांनी बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास केला. त्यांच्या आहारात, भक्ष्याच्या वजनाच्या हिशोबाने, पाळीव प्राण्यांचा वाटा ८७ टक्के आढळला. त्यात कुत्र्यांचा ३९ टक्के आणि मांजरांचा १५ टक्के होता. म्हणजे बांधावर सोडलेले पिल्लू एक तर उपासमारीने मरते, किंवा मोठे होऊन वस्तीभोवती बिबट्याचे भक्ष्य होते. नसबंदीने बिबट्याचा प्रश्न सुटेल असे म्हणणे चूक ठरेल. परंतु आपल्या घरातील पिल्ले दुसऱ्याच्या अंगणाजवळ सोडणारा माणूस त्या अंगणात खेळणाऱ्या मुलांचा धोका वाढवतो. शेजाऱ्याच्या हक्काविषयी प्रेषितांची (स.) ताकीद आपल्याला ठाऊकच आहे. स्वतः हानी करू नये आणि हानीच्या बदल्यातही हानी करू नये, हे हदीसवर आधारलेले तत्त्व येथे थेट लागू होते.

रेबीजचीही भीती आहे. माणसाला होणाऱ्या रेबीजपैकी जवळजवळ सर्व प्रकरणे कुत्र्याच्या चाव्यातून उद्भवतात. लक्षणे दिसू लागल्यावर या रोगातून माणूस सहसा वाचत नाही. चावा झाल्यास जखम ताबडतोब साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि विलंब न करता दवाखान्यात जाऊन लस घ्यावी. नसबंदीबरोबर कुत्र्याला रेबीजची लस देणे म्हणूनच आवश्यक आहे.

दोन शंका

पहिली शंका अशी : प्रत्येक जिवाची उपजीविका अल्लाहने स्वतःवर घेतली आहे (अध्याय हूद, आयत ६), मग आपण जन्म का रोखावा? उपजीविका अल्लाहच देतो, यावर आपली श्रद्धा आहे. परंतु मांजर कोंडणाऱ्या त्या स्त्रीला ही सबब सांगता आली नाही. जो जीव आपल्या दारात बांधला गेला, त्याचे अन्न अल्लाहने आपल्या हातून पाठवायचे ठरवले. ते हात आखडून घ्यायचे आणि वर अल्लाहवर विसंबल्याचे सांगायचे, याला तवक्कल म्हणत नाहीत.

दुसरी शंका कानाच्या खुणेची आहे. नसबंदी झालेल्या भटक्या कुत्र्याच्या कानाला छोटीशी खाच पाडतात. हीच तर कान फाडण्याची मनाई नव्हे? अरबांतील मूर्तिपूजक उंटिणीचे कान फाडून तिला देवतांच्या नावे सोडत आणि ‘बहीरा’ म्हणत. ‘अल-माइदा’ अध्यायात (आयत १०३) ही प्रथा अमान्य केली आहे. निषेध त्या श्रद्धेचा होता. ओळखीची खूण वेगळी. प्रेषितांनी (स.) स्वतः सदक्याच्या जनावरांना खूण केल्याचे हजरत अनस (र.) यांनी पाहिले, मेंढ्यांच्या कानांचा उल्लेखही त्यात आहे. चेहऱ्यावर डाग देण्यास मात्र त्यांनी मनाई केली. कानाची ही खूण नसली तर तेच कुत्रे पुन्हा पकडून पुन्हा भूल देण्याचा धोका राहतो.

प्रत्यक्ष काय करावे?

अल्लाहने प्रत्येक बाबतीत ‘एहसान’, म्हणजे उत्तम रीतीने काम करणे, अनिवार्य केले आहे. जबह करतानाही सुरी धारदार करण्याचा आणि जनावराला आराम देण्याचा आदेश सहीह मुस्लिममध्ये आहे. मग शस्त्रक्रियेत हयगय कशी चालेल? ती पदवीधर पशुवैद्यकाकडूनच, पूर्ण भूल देऊन करावी. नराचे वृषण काढतात. मादीचा अंडाशय व बहुधा गर्भाशयही काढतात. साधारण सहा महिन्यांचे वय योग्य मानले जाते, पण जनावर पाहून पशुवैद्यक सांगतील ते प्रमाण. शस्त्रक्रियेआधी सांगितलेला वेळ उपाशी ठेवावे. नंतर दहा ते चौदा दिवस जखम कोरडी ठेवावी आणि जनावर ती चाटणार नाही याची काळजी घ्यावी. कुत्र्याची लाळ लागल्यास धुऊन पवित्र व्हावे. पण त्या कारणाने शुश्रूषा टाळू नये. मादीला गर्भाशयात पू होण्याच्या जीवघेण्या आजारापासून यामुळे संरक्षण मिळते, हा तिचाही लाभ आहे. फिकहने घातलेली लाभाची अट येथे पूर्ण होते. केवळ शोभेसाठी शेपूट किंवा कान कापणे मात्र या परवानगीत बसत नाही.

देशाचा कायदाही याच दिशेने आहे. ‘प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३’ नुसार पाळीव जनावराची नसबंदी व लसीकरण ही मालकाची जबाबदारी आहे, तर भटक्या कुत्र्यांची जबाबदारी स्थानिक संस्थेची. गावात भटकी कुत्री वाढली असतील तर विष घालण्याऐवजी ग्रामपंचायतीकडे लेखी मागणी करावी. मोहल्ल्यातील चार घरांनी मिळून एका कुत्रीचा खर्च उचलला, तर तोही इन्शाअल्लाह सदकाच ठरेल.

वाचकहो, शस्त्रक्रिया करावी की नाही, हे आपल्या मजहबच्या आलिमांना आणि पशुवैद्यकाला विचारून ठरवा. परंतु या जिवाला जन्म देण्याची व्यवस्था मी केली, तर त्याच्या जगण्याची कोणती व्यवस्था केली, हा प्रश्न आधी स्वतःला विचारा. त्याचे उत्तर मुफ्तींकडे मागायचे नाही. ते कयामतच्या दिवशी आपल्यालाच द्यायचे आहे आणि त्या दिवशी ते मुके समूहही तेथे उपस्थित असतील.

अल्लाह आपणा सर्वांना आपल्या दारातील जिवांची अमानत सांभाळण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.