रमाबाईंचं सोपं बायबल

पंडिता रमाबाई १८८३ साली ख्रिस्ती झाल्या. १८९६-९७ च्या दुष्काळात उपाशी मुली-बायकांना त्यांनी पुणे जिल्ह्यात केडगावास आणलं. देवानं आपल्याला याच कामाला बोलावलं, असं त्या मानीत. तिथं बायकांना भाकरी मिळाली, अक्षरओळखही झाली. पण ख्रिस्ती धर्माचा ग्रंथ, बायबल, त्यांना वाचायला जड जाई. त्यातलं मराठी अवघड.

बाई तर संस्कृतच्या मोठ्या पंडिता! तरी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, आणि साध्या मराठीत त्यांनी सगळं बायबल नव्यानं लिहिलं. सोपं लिहिणं किती कठीण, हे आम्हां मास्तरांना विचारा! छापखान्यातले खिळे केडगावच्या बायकांनीच जुळवले. १९२२ साली बाई वारल्या. सबंध पुस्तक १९२४ साली निघालं.