मुदत आणि धास्ती

मुक्काम अंबाजोगाई

चि. बाळास,

पाटोदा तालुक्यातील तुझ्या तलाठी सज्जावरून धाडलेले पत्र पोचले. अतिवृष्टीच्या पंचनाम्यांची मुदत, तहसील कचेरीचा तगादा, आणि अपरात्री जाग येऊन छातीत सुरू होणारी धडधड, हे सर्व वाचून तुझ्या प्रकृतीची चिंता वाटली, तरी तुझ्या योग्यतेविषयी यत्किंचितही शंका आली नाही. निगरगट्ट कारकुनास झोप उत्तम लागते, हे मी कचेरीत पुष्कळ पाहिले आहे.

मनाला ‘शांत हो’ असे फर्मावून ते ऐकत नाही, म्हणून आपला अर्ज प्रथम शरीराकडे गुदरावा. मनगटावर बोट ठेवून पाहा: श्वास घेताना नाडी किंचित जलद चालते व सोडताना मंदावते. म्हणून चार अंक मोजून श्वास घ्यावा आणि सहा-आठ अंक मोजीत, तूप वाढावे तसा बारीक धारेने, तो सोडावा. कुंभकाचा, म्हणजे श्वास रोखून धरण्याचा, अट्टहास करू नये, आणि भोवळ वाटली तर थांबावे. स्वामी कुवलयानंदांनी 1924 साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून प्राणायामाची परीक्षा यंत्रांच्या साहाय्याने आरंभिली, तेव्हा यास निव्वळ भाबडेपणा समजण्याचे कारण नाही. अंथरुणावर पडल्यावर मुठी, खांदे, जबडा क्रमाने आवळून सैल सोडावे. अमेरिकेतील जेकब्सन नामक वैद्याने हीच युक्ती शिस्तीने मांडली. जबडा आपण दिवसभर किती आवळून धरतो, हे तो सुटल्यावरच कळते.

दुसरे, चिंतेला तारीख नेमून द्यावी. दिवेलागणीस अर्धा तास वही घेऊन बसावे, जे जे भय वाटते ते लिहावे, आणि ज्यावर उद्या काही करता येईल त्यापुढे ते कृत्य नोंदवावे, बाकीचे तहकूब. रात्री तेच प्रकरण पुन्हा उपस्थित झाले, तर उद्याची तारीख दाखवावी. आता मुदतीविषयी. आपल्या गावी ज्यांची समाधी आहे त्या दासोपंतांना बालपणी, पित्याकडून सरकारी वसूल भरला न गेल्यामुळे, बीदरास ओलीस राहावे लागले आणि दत्तप्रभूंनी ती रक्कम भरली, अशी आख्यायिका आहे. तुझे पंचनामे भरावयास मात्र कोणी येणार नाही. शिवाराचे गट पाडून रोजचा हिस्सा तूच ठरवावास.

आणि प्रत्येक बांधावर आग्रहाने पुढे येणारा चहा! शेतकऱ्याचे मन मोडू नये हे खरे, परंतु तिसरा प्रहर उलटल्यावर पाणीच मागावे.

इतके करूनही झोप व अन्न तुटत चालले, किंवा जीव नकोसा वाटू लागला, तर वाट न पाहता येथील स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचार विभाग गाठावा. 14416 या सरकारी दूरध्वनीवर मराठीतही बोलता येते. यात संकोच कसला? हिवतापास आपण औषध घेतोच.

ताईला मी यातील काही कळविलेले नाही. तिला तूच लिही, आणि काही न वगळता लिही. तुझ्या त्रोटक पत्रांवरून ती हवे ते तर्क करीत बसते.

कळावे,
तुझा मामा