ओट्याखालचे कपाट

मूल वर्षाचे होऊन पाऊल टाकू लागले की घरातील प्रत्येक दार त्याला खुणावू लागते. बंगळूरसारख्या शहरांतील सदनिकांमध्ये स्वयंपाक उभ्याने होतो. ओट्याखालची कपाटे नेमकी मुलाच्या उंचीची असतात आणि फिनेल, मोरी तुंबल्यास ओतायचा कॉस्टिक सोडा व संडास धुण्याचे आम्ल बहुधा तेथेच ठेवलेले असते. या वयात मूल प्रत्येक वस्तू तोंडात घालून तिची ओळख करून घेते. हा खोडकरपणा नव्हे. शिकण्याची ती त्याची रीतच होय. म्हणून मुलास दटावण्यापेक्षा वस्तूंची जागा बदलणे श्रेयस्कर.

अशी द्रव्ये उंच जागी, कुलपात ठेवावीत. ती सरबताच्या रिकाम्या बाटलीत कदापि ओतू नयेत. मूल बाटली ओळखते, आतील द्रव नव्हे. खालचे एक कपाट मात्र वाट्या, पळ्या व डबे ठेवून त्याच्यासाठी खुले असावे.

दक्षता घेऊनही दाहक द्रव वा रॉकेल पोटात गेलेच, तर उलटी करवू नये. दाहक द्रव वर येताना अन्ननलिका पुन्हा भाजतो. रॉकेल फुप्फुसांत शिरण्याचा धोका असतो. मुलास तत्काळ रुग्णालयात न्यावे आणि ती बाटलीही सोबत घ्यावी.