‘टेल’ म्हणजे नुसतं सांगणं नव्हे

वर्कशॉपच्या ओरलला एक्स्टर्नल सरांनी माझ्यासमोर धातूचे दोन तुकडे ठेवले आणि विचारलं, ‘कॅन यू टेल देम अपार्ट?’

बारावीपर्यंत आपलं सगळं मराठीत. टेल म्हणजे सांगणे, अपार्ट म्हणजे वेगवेगळे. म्हणजे दोघांबद्दल वेगवेगळं सांगायचं! मी सुरू झालो. कास्ट आयर्नमध्ये कार्बन २ ते ४ टक्के, माइल्ड स्टीलमध्ये पाव टक्क्याच्या आसपास... सर म्हणाले, “ते झालं. पण यातला कुठला कोणता?” तोवर माझ्या नावापुढे मार्क पडलेसुद्धा होते.

राग याचा आला की उत्तर मला येत होतं हो! कानस मारली की बिडाची काळी भुकटी पडते, हात काळे होतात. ग्राइंडरवर धरलं तर माइल्ड स्टीलच्या ठिणग्या लांब आणि पिवळसर, बिडाच्या आखूड आणि लालसर. नुसतं फरशीवर टाकलं तरी स्टील खणखणतं, बीड बद्द वाजतं. ‘टेल अपार्ट’ म्हणजे दोघांतला फरक ओळखणे, एवढंच काय ते येत नव्हतं.

रूमवर येऊन डिक्शनरी काढली. ‘टेल’चा जुना अर्थ चक्क ‘मोजणे’ निघाला. बँकेत पैसे मोजणारा तो टेलर (शिंपी नव्हे!), आणि ए.टी.एम.मधला ‘टी’सुद्धा तोच. ‘ऑल टोल्ड’ म्हणजे सगळे मिळून. जर्मनचा क्लास लावलेल्यांना हे पटकन पटेल, कारण तिकडे ‘त्सेलन’ म्हणजे मोजणे आणि ‘एर्त्सेलन’ म्हणजे गोष्ट सांगणे.

आता आपली नेहमीची चूक. ‘सर टोल्ड टू मी’ असं आपण सर्रास बोलतो. हा ‘टू’ येतो आपल्या ‘ला’मधून. ‘सर मला म्हणाले’ आणि ‘सरांनी मला सांगितलं’, दोन्हीकडे ‘मला’ आहेच. इंग्रजीत मात्र ‘से’ला ‘टू’ लागतो, ‘टेल’ला चालत नाही. ‘सर सेड टू मी’, पण ‘सर टोल्ड मी’. ‘टेल’ला बहुधा माणूस चिकटून लागतो. खरं, खोटं, गोष्ट आणि घड्याळातली वेळ, एवढ्यांचं माणसाशिवाय भागतं. इंटरव्ह्यूला बसणाऱ्यांनी हे वाक्य चार वेळा मोठ्यानं म्हणून बघा, रूममेट हसला तरी!

‘टेल ऑन’ची तर गंमतच आहे. पार्टनर तुमच्याबद्दल रेक्टरना ‘टेल ऑन’ करतो तेव्हा ती चुगली. पण सबमिशनची जागरणं तुमच्यावर ‘टेल’ करायला लागली, तर ती अंगावर दिसायला लागली असं समजा.

आणि सिव्हिलवाल्यांचा ‘टेलटेल’ राहिलाच. भिंतीला तडा गेला की त्यावर आडवी काचेची पट्टी दोन्ही बाजूंना पक्की चिकटवतात. तडा वाढला की काच तडकते. ती एक शब्द बोलत नाही, पण इंग्रजीत तिनं ‘टेल’ केलेलं असतं. हा अर्थ मला सिव्हिलच्या रूममेटनं सांगितला, ओरलच्या दुसऱ्या दिवशी.