कानाचं भांडवल

बारावीचा निकाल लागला की पंधरा दिवस माझ्या पडवीत चपलांची गर्दी असते. निकालात कोकण विभाग गेली कित्येक वर्षं राज्यात पहिला येतो. त्यामुळे इथली काळजी ‘पोर पास होईल का’ ही नसते, ‘एवढ्या मार्कांचं आता करायचं काय’ ही असते. गेल्या वर्षी देवबागच्या बाजूचं एक कुटुंब आलं. वडलांची होडी, आई पर्यटकांसाठी न्याहारी-निवास चालवते, मुलगा विज्ञान शाखेचा. बसायच्या आधीच वडील म्हणाले, “सर, ह्येका जरा समजावा. पखवाज वाजवन पोट भरतला काय?”

मुलगा मान खाली घालून बसला होता, पण उजव्या हाताची बोटं मांडीवर चालू होती. काय वाजवतोयस म्हणून विचारलं, तर म्हणाला, “राक्षसपार्टीची एंट्री.” मग हळूहळू बोलायला लागला. त्याला दशावतारात नुसता पखवाज वाजवायचा नव्हता. राक्षस यायच्या आधी पखवाज आणि झांज एकदम तशी का उसळते, ती तशी कुणी ठरवली आणि जगात बाकी ठिकाणी राक्षस कुठल्या ठेक्यावर येतात, हे त्याला शोधायचं होतं.

इतका नेमका प्रश्न घेऊन बारावीचं पोर वर्षातून एखादंच येतं. आईवडलांना मी तेव्हा जे सांगितलं, तेच इथे सविस्तर लिहितो.

या प्रश्नाचा एक रीतसर अभ्यासविषय आहे. जगभर त्याला एथ्नोम्युझिकॉलॉजी म्हणतात. वेगवेगळ्या समाजांचं संगीत त्या त्या समाजात राहून, शिकून, नोंदवून समजून घ्यायचं, असा हा अभ्यास. १९५० साली याप कुन्स्ट या डच अभ्यासकाने हे नाव रूढ केलं. तो कायदा शिकलेला, व्हायोलिन वाजवणारा माणूस. जावाला गेला, तिथलं गामेलान कानावर पडलं आणि आयुष्यभर त्याच्याच मागे लागला.

पालकांचा पहिला गैरसमज इथे काढला पाहिजे. हे गायक किंवा वादक होण्याचं करिअर नाही. वनस्पतीचा अभ्यासक जसा रानात जातो, पान हातात घेतो, नोंद करतो, तसा हा कानाने करायचा अभ्यास आहे. आपल्याच गावातलं उदाहरण घ्या. देवळात गुरव किंवा मानकरी गाऱ्हाणं घालतात. आवाज एका पट्टीत सुरू होतो, वाक्यागणिक चढतो, टोकाला लोंबतो आणि जमलेले सगळे एका दमात ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. हे बोलणं की गाणं? घालणाऱ्याला विचारलंत तर तो गाणं म्हणणार नाही. कुराणपठण ऐकताना आपल्याला सूर स्पष्ट कळतात, पण पठण करणारे त्याला संगीत म्हणत नाहीत. पापुआ न्यू गिनीच्या जंगलात कालुली नावाचे लोक राहतात. तिथल्या बायकांचं रडणं गाण्यात कसं शिरतं आणि त्या गाण्यात पक्ष्यांचे आवाज कसे मिसळतात, यावर स्टीव्हन फेल्ड या अभ्यासकाने १९८२ साली एक अख्खं पुस्तक लिहिलं. आपल्याकडे घरात कुणी गेलं की म्हाताऱ्या बायका हेल काढून रडतात, त्यात गेलेल्याचं नाव घेतात, त्याच्या आठवणी गुंफतात. हे आपण सगळ्यांनी ऐकलंय. अभ्यासाचा विषय म्हणून त्याकडे बघायला आपल्याला कुणी शिकवलं नाही, एवढंच.

मराठीत हे शिकवणारा मोठा माणूस होऊन गेला. अशोक दा. रानडे (१९३७–२०११) कायदा आणि साहित्य शिकले, गाणं रीतसर शिकले, आणि १९६८ पासून पंधरा वर्षं मुंबई विद्यापीठाच्या संगीत केंद्राचे संचालक होते. पुढे नरिमन पॉइंटच्या एनसीपीएमध्ये त्यांनी संशोधन केलं. त्यांचं ‘लोकसंगीतशास्त्र’ १९७५ साली आलं. आदिम, लोक, भक्ती, कला, जन आणि संगम अशा संगीतकोटी त्यांनी मांडल्या. त्या पाठ करू नका, वापरून बघा. दशावताराची एकच रात्र घ्या. सुरुवातीला आडदशावतारातलं गणपतीचं पूजन, मग काळा संकासुर येऊन मालवणीत बोलणार, पेटीवर नाट्यपदाच्या वळणाचं पद आणि पहाटे धयकालो, म्हणजे दहीकाला. एका बाकड्याभोवती किती कोटी येऊन बसतात ते मोजा. माझ्या मते रानड्यांचं हे एक पुस्तक आणि जत्रेतली एक जागी रात्र एवढ्यावर मुलाला हा विषय झेपेल की नाही ते कळतं.

आता त्या मुलाच्या राक्षसांकडे येतो. केरळच्या कथकलीत राक्षस पडद्याआडून येतो. चेंडा आणि मद्दळ कडाडत असताना तो पडदा हळूहळू खाली ओढत स्वतःला दाखवतो, त्याला तिरनोट्टम म्हणतात. चीनच्या बीजिंग ऑपेरात पात्र कोण आणि कसं येतंय हे झांजा, घंटा आणि ढोलाचे ठरलेले बंध सांगतात. वादक ते बंध तोंडी बोलांनी पाठ करतात, आपण पखवाजाचे बोल पाठ करतो तसेच. २०११ ते २०१७ या काळात बार्सिलोनाच्या पॉम्पेउ फाब्रा विद्यापीठात ‘कॉम्पम्युझिक’ नावाचा प्रकल्प झाला. त्यात हिंदुस्थानी, कर्नाटक, तुर्की, अरब-अंदालुसी आणि बीजिंग ऑपेरा या पाच परंपरांवर संगणकाने काम झालं, आयआयटी मुंबईचे संशोधकही त्यात होते. बीजिंग ऑपेराचे ते बोल संगणकाला ओळखायला शिकवणं हा त्यातलाच एक भाग. हे ऐकल्यावर मुलाचे वडील पहिल्यांदा पुढे सरकून बसले. विज्ञान शाखा फुकट जाणार नाही, एवढं त्यांना पुरेसं होतं.

जगाचं संगीत म्हणजे दूरचंच असं नाही. एकोणिसाव्या शतकात रत्नागिरी-सिंधुदुर्गातली माणसं उसाच्या मळ्यांत राबायला मॉरिशसला गेली. त्यांची वंशज मंडळी आजही गणपतीत ‘झाकरी’ नाचतात. आपली जाखडी आणि ती झाकरी या दोघींमध्ये काय टिकलं आणि काय बदललं? त्याच बेटावर आफ्रिकी गुलामांच्या वंशजांचा सेगा आहे. त्याचं रावान हे बकऱ्याच्या कातड्याचं वाद्य वाजवण्याआधी शेकोटीवर तापवतात, आपल्याकडे हलगी तापवतात तसंच. पारंपरिक सेगा २०१४ साली युनेस्कोच्या यादीत गेला, भोजपुरी गीत-गवाई २०१६ साली. आपली झाकरी त्यांच्या शेजारी राहिली, त्यांचे सूर ऐकत वाढली. मालवणी समजणारा, ठेका ओळखणारा मुलगा यावर जे काम करू शकेल, ते लंडनच्या संशोधकाला भाषा शिकण्यातच तीन वर्षं घालवून करावं लागेल. मी त्या मुलाला मोबाइलवर सेगा ऐकवला. त्याने डोळे मिटून सहा मात्रा मोजल्या आणि म्हणाला, दादऱ्यासारखा वाटतो पण जोर भलत्याच ठिकाणी पडतोय. असा कान विकत मिळत नाही.

आता वाट. बारावीनंतर लगेच ‘जागतिक संगीत’ नावाची पदवी शोधत फिरू नका. साधी पदवी घ्या आणि ती आपल्या जिल्ह्यात घेतली तरी चालेल. समाजशास्त्र, इतिहास, मराठी, भौतिकशास्त्र यांपैकी कुठल्याही विषयाचं इथे काम पडतं. सोबत एक वाद्य किंवा गायन गुरूकडे बसून शिकायचं आणि अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा विशारदपर्यंत द्यायच्या. हे तीन-चार वर्षांचं बसणं टाळता येत नाही, ज्याला टाळावंसं वाटेल त्याने हा विषयच सोडावा. एमएसाठी मुंबई विद्यापीठाचा संगीत विभाग आणि लोककला अकादमी आहे, पुण्याच्या विद्यापीठात ललित कला केंद्र आहे, मानववंशशास्त्राचा विभागही आहे. पुढे गुरुग्रामला एआरसीई आहे. हे संगीत-संग्रहालय १९८२ साली पुण्यातच सुरू झालं होतं. देशभरातली हजारो तासांची ध्वनिमुद्रणं तिथे जपलेली आहेत, तिथे जाऊन महिनाभर नुसतं ऐकलं तरी माणूस बदलतो.

पैशाचं स्पष्ट बोलतो, कारण ते बोलायला लोक लाजतात. या विषयाच्या थेट नोकऱ्या थोड्या आहेत. महाविद्यालयात शिकवायला पदव्युत्तर पदवी आणि नेट किंवा सेट लागते. नेटमध्ये संगीत हा विषय आहे, लोकसाहित्य हा वेगळा विषयही आहे. जेआरएफ ही संशोधनवृत्ती मिळाली तर महिना ३७,००० रुपये मिळतात आणि संशोधन सुरू होतं. बाकीची कामं विखुरलेली: ध्वनिसंग्रह, संग्रहालयं, आकाशवाणी, माहितीपट, चित्रपटांचं ध्वनिकाम, शाळांत संगीतशिक्षक, संगीतावर काम करणाऱ्या सॉफ्टवेअर कंपन्या. पंचविशीपर्यंत हातात फारसं काही येणार नाही, ही मनाची तयारी घरच्यांनी ठेवायची. आधाराला शिष्यवृत्त्या आहेत. केंद्र सरकारची सीसीआरटी १० ते १४ वयाच्या मुलांना देते, आणि पारंपरिक कलावंतांच्या घरातल्या मुलांचा त्यात वेगळा विचार होतो. म्हणजे दशावतारी, ठाकर, भजनी घरांनी हा अर्ज सोडूच नये. १८ ते २५ वयाच्या कलाकारांना संस्कृती मंत्रालयाकडून दोन वर्षं महिना ५,००० रुपयांची शिष्यवृत्ती आहे. रकमा आणि अटी अर्ज करताना त्या वर्षाच्या जाहिरातीत पुन्हा बघून घ्या.

परदेशाबद्दल माझं मत पक्कं आहे. लंडनच्या सोआस विद्यापीठातला एक वर्षाचा अभ्यासक्रम उत्तम, पण कलमांची बाग गहाण टाकून तो करू नका. फुलब्राइट-नेहरू किंवा कॉमनवेल्थसारखी पूर्ण शिष्यवृत्ती मिळाली तरच जा. अमेरिकेतल्या विद्यापीठांत पीएचडीला बहुधा फी माफ होते, वर शिकवण्याच्या बदल्यात विद्यावेतन मिळतं. तिथे प्रवेश देताना तुम्ही कुठल्या परंपरेत आत जाऊन काय काम केलंत हे बघतात. म्हणजे काम इथेच, आजपासून सुरू व्हायला हवं.

सुरुवात म्हणून आपल्याच जिल्ह्यातल्या पिंगुळीला जाऊन या. ठाकर समाजाची चित्रकथी आणि कळसूत्री जपणारे परशुराम गंगावणे यांनी आपल्या गोठ्यातच संग्रहालय उभं केलं. २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. चित्राची पोथी उलगडत, वाद्याच्या साथीने कथा सांगायची ही रीत मुलांना एकदा समोर बसवून दाखवा.

आणि नोंद करायला शिकवा. १९३८ साली आर्नल्ड बाके हा डच अभ्यासक दक्षिण भारतात ध्वनिमुद्रण करत फिरला. १९८४ साली नझीर जैराझभॉय आणि एमी कॅटलिन ती मुद्रणं घेऊन त्याच गावांत परत गेले आणि लोकांना त्यांच्याच वाडवडलांचे आवाज ऐकवले. हे शक्य झालं कारण बाकेने गाव, माणूस, दिवस लिहून ठेवला होता. तरुणपणी मी आमच्या जत्रेतली एक अख्खी रात्र कॅसेटवर धरली होती. पखवाज कोण वाजवत होता, आख्यान कुठलं होतं, साल कोणतं, काहीच लिहिलं नाही. त्या वादकाची नातवंडं असतील, त्यांना तो आवाज द्यावा असं वाटतं. पण कुणाच्या दारात नेऊन देऊ?

तो मुलगा आता बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला आहे, रविवारी पखवाज शिकायला कुडाळला जातो. आईने एक काम सुचवलं ते मला फार आवडलं: चतुर्थीत फुगड्या घालणाऱ्या वाडीतल्या बायकांची गाणी आधी घे, त्यांच्यातल्या दोघी आता थकल्यात. कार्तिकी पौर्णिमेपासून जत्रा सुरू होतील, सोनुर्लीची आधी. त्याला मी एक वही दिली आहे. प्रत्येक पानावर सात रकाने आखलेत: गाव, तिथी आणि तारीख, कोण गातं-वाजवतं, कुणाकडून शिकलं, वाद्य कुठल्या लाकडाचं नि कातड्याचं, प्रसंग कोणता आणि शेवटचा, इतरांना ऐकवायची परवानगी दिली का. घुमट दिसलं तर कातडं कशाचं ते मुद्दाम विचार म्हटलं. घोरपड मारायला कायद्याने बंदी आहे, म्हणून आता बकऱ्याचं लावतात, आणि आवाजात काय फरक पडला हे जुना वाजवणाराच सांगू शकतो. पहिल्या पानावर त्याने स्वतःच्या आजीचं नाव लिहिलंय. शेवटचा रकाना अजून रिकामा आहे. आजी म्हणते, आधी मला ऐकव, मग सांगते.